वसुबारसेचा गाऊन

आमच्या गाईला नाव आहे, पण ते मी सांगणार नाही. तेच नाव आमच्या एका नणंदेचं आहे, आणि ती राहायला आली की आम्ही गाईला नुसतं "ए बाई" म्हणतो. म्हणून इथेही ती फक्त गाय. रंगानं तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका, एक शिंग सरळ आणि एक जरासं कलतं. त्यामुळे ती कायम टोपी तिरकी घातल्यासारखी दिसते. देखणी आहे आणि तिला ते माहीत आहे.

सरावलीच्या पलीकडे, भाड्याच्या खोल्यांच्या रांगा संपतात आणि कंपन्यांच्या बसचा हॉर्न जेमतेम ऐकू येतो, तिथे आमची वाडी. दोन भावांची दोन घरं, मधे विहीर, विहिरीमागे गोठा, गोठ्याला लागून कोंबड्यांची खुराडी आणि मग भाजीचे वाफे. भाऊ दोघेही बोईसरला कारखान्यात, शिफ्टवाले. म्हणजे एक झोपलेला असतो तेव्हा दुसरा जेवत असतो. वाडी चालवतो आम्ही दोघी जावा. मी थोरली, घाटावरची, कराडकडची. धाकटी इथलीच, शिरगावची. वाटणी अशी होती: गाय माझी, कोंबड्या तिच्या, भाजी दोघींची. भाजी दोघींची याचा अर्थ, खुरपायचं दोघींनी आणि पडवळ लांब झालं की ते आपण लावलेलं असं दोघींनी सांगायचं.

गाय माझी, हे मी उगाच म्हणत नाही. ती वासरू असताना इतकी मरतुकडी होती की तबेल्यावाल्याला ती नको झाली होती. मी तिला कडेवर घेऊन आले, असं मी सगळ्यांना सांगते. कडेवर नव्हती, टेम्पोत होती, पण डोकं माझ्या मांडीवर होतं. बाटलीनं दूध पाजलं, थंडीत माझी शाल तिच्या अंगावर टाकली. पुढे ती माझ्या पायरवानं हंबरायची. मी मिरचीच्या वाफ्यात वाकले तर कुंपणावरून मान लांब करून माझ्या गाऊनचा खिसा चाटायची, कारण खिशात गूळ असायचा. एवढं प्रेम माझ्यावर माझ्या माणसांनी केलेलं नाही. आमच्या ह्यांनी तर नाहीच.

मग मुलीचं बाळंतपण आलं. तिला माहेरी यायला रजा नव्हती, म्हणून माहेरच उठून पुण्याला गेलं. म्हणजे मी. गाय गाभण होती. निघताना मी जाऊबाईला शंभर सूचना दिल्या. प्रत्येक सूचनेला ती "हाव, वैनी" म्हणाली. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

गणपतीत फोन आला. मी चौथ्या मजल्यावर, खांद्यावर नातू, नातवानं नुकताच माझ्या पाठीवर प्रसाद दिलेला.

"वैनी, कालवड झाली! आयशीवानी तांबडी हाय!"

मी नाचले. अर्थात नातवाला सांभाळून. मग एकदम थांबले. "आणि खरवस?"

"केला ना. सगल्यांना वाटला. खोल्यांवाल्या बायकांना पण."

आता हे ज्यांनी गाय पाळलेली नाही त्यांना कळायचं नाही. गाय व्याली की पहिल्या चिकाचा खरवस घरोघरी जातो, आणि ज्या बाईच्या हातातून वाटी येते, ती त्या गाईची मालकीण, असं लोकांच्या डोक्यात कायमचं बसतं. मग तुम्ही शालीबिली कितीही पांघरलेल्या असोत.

दसरा झाल्यावर मी परतले. बोईसरला उतरून रिक्षा केली. वाडीपर्यंत पोचायच्या आत रस्त्यात तीन बायका भेटल्या आणि एकीनंही नातवाची चौकशी केली नाही.

"तुमच्या जाऊबाईंनी काय खरवस दिला हो! जायफळ, वेलची, शंकरपाळ्यासारख्या वड्या!"

मी खरवस गुळाचा करते. वड्या पाडत नाही, चमच्यानं देते. गेली कित्येक वर्षं हेच लोक तो बोटं चाटून खात होते.

बॅगा तशाच टाकून गोठ्यात गेले. मनात सगळा देखावा तयार होता: ती हंबरणार, मी रडणार, जाऊबाई कोपऱ्यात उभी राहून पदर डोळ्याला लावणार. प्रत्यक्षात गाईनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मी जणू घरोघर फिनेल विकत आलेय असं, आणि कालवडीला पाठीमागे घेऊन शेपटी माझ्या तोंडावर मारली.

"लांबून, वैनी," जाऊबाई म्हणाली. "अजून ओलख नाय तिला."

"मला? ओळख नाही? मला?"

"आता तुमचा वास पन बदललाय ना. पुन्याचा साबन, पुन्याचा पावडर."

"माझा जुना तपकिरी गाऊन कुठाय? इथे खुंटीला असायचा. तो घालून जवळ जाते."

"तो?" ती कोंबड्यांना कण्या टाकायला वळली. "तो उंदरांनी खाल्ला."

मी विश्वास ठेवला. उंदरांना माझी आवड आहे हे ऐकून तेवढाच दिलासा.

दुसऱ्या दिवशी दूध काढायला बसले. वासरू पाजून बाजूला बांधलं, सडाला हात लावला. गाईनं पान्हा चोरला. एक थेंब नाही. मग एक लाथ, नेमकी बादलीला. बादली घरंगळत खुराड्यावर आदळली, सगळ्या कोंबड्या एका सुरात ओरडल्या, आणि विहिरीवर दात घासत असलेले आमचे हे म्हणाले, "अगं, तिला नको असेल तर कशाला मागं लागतेस?"

हेच वाक्य लग्नाआधी ह्यांना कुणी सांगितलं असतं तर!

तेव्हापासून दूध जाऊबाईच काढायची. वर नवीन नियम: ती धार काढत असताना कुणी गोठ्याकडे यायचं नाही. "कुनी आला की ती बुजते." गोठ्याच्या दाराला तिनं पोत्यांचा पडदा शिवून लावला. नाटक कंपनीच म्हणा. आत जाताना अंगभर चादर आणि रिकामी बादली, बाहेर येताना चादर आणि फेसाची बादली, आणि चेहऱ्यावर एक बारीकसं हसू. ते हसू बघून मी घरात जाऊन भांडी आपटायचे. दूध माझ्याही घरी यायचं. मी चहा प्यायचे आणि प्रत्येक घोटाला वाटायचं, हे माझंच दूध मला भेट म्हणून येतंय.

आणि तेवढ्यावर थांबेल ती जाऊबाई कसली! मी नसताना माझ्या कोथिंबिरीच्या वाफ्यात तिनं गवार लावली होती. गवार अशी आली होती की झाडाला पानं कमी आणि शेंगा जास्त. पडवळांच्या टोकांना दगड बांधून तिनं ती सरळ, शिपायासारखी वाढवली होती. माझी पडवळं दरवर्षी दगड बांधूनही प्रश्नचिन्हासारखी होतात. तिच्या कोंबड्यासुद्धा माझ्या मिरच्यांची रोपं उकरायच्या, गवारीला शिवायच्या नाहीत. त्यांनाही पढवलं असणार.

शेवटी मी हेरगिरी केली. सकाळी पडवळाच्या मांडवाआड दबा धरून बसले. डोक्यावर पडवळं लोंबताहेत, दगड कपाळाला लागताहेत, पण हलले नाही. पडद्याआडून धारांचा आवाज सुरू झाला, चर्र चर्र, आणि त्यावर बोलणं:

"सोड की गं लेकी! किती अंत बघतीस? ये माजी बाय ती! न्हाई मारायचं पाय, न्हाई मारायचं!"

मी थिजले. तो आवाज जाऊबाईचा होता, पण बोलणं माझं होतं. माझं, अस्सल, कराडचं. शिरगावची बाई "बघतीस" कशाला म्हणेल? ती माझी नक्कल करत होती! गाईसमोर! आणि गाय तिला दाद म्हणून दूध देत होती! मी मांडवाखालून निघाले तेव्हा रागानं एक पडवळ तोडलं. सरळ होतं. त्याचाही राग आला.

आता वसुबारस जवळ आली. ही आमच्याकडची मोठी गोष्ट आहे. खोल्यांमधून साताऱ्याच्या, जळगावच्या, लातूरच्या बायका राहतात. गावाकडे प्रत्येकीच्या दारात गाय होती, इथे दारात दुचाकी. म्हणून वसुबारसेच्या संध्याकाळी त्या ठेवणीतल्या साड्या नेसून, आरतीची ताटं घेऊन आमच्या गाई-वासराला पुजायला येतात. गाईचं दावं मालकिणीनं धरायचं. बायका गाईला हळदकुंकू लावतात आणि मग मालकिणीला. तिथे मी आजवर उभी राहत आले होते. यंदासाठी मी पुण्याहून मोरपंखी सिल्कची साडी आणली होती, जाऊला न दाखवता.

जेवताना जाऊबाई सहज म्हणाली, "औंदा दावं मीच धरीन. तुमाला शिंग लागंल, वैनी."

मी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. दीर ताटात बघू लागले. आमचे हे, ज्यांना शिफ्टहून येऊन फक्त झोपायचं होतं, त्यांनी निकाल दिला: "वसुबारसेच्या सकाळी गाय जिला पान्हा सोडेल, तिनं संध्याकाळी दावं धरायचं. आणि आता मला भात वाढा."

"कबूल," मी म्हणाले.

"कबूल," ती म्हणाली, तेच बारीक हसू हसत.

माझा बेत सोपा होता. गाईला जाऊबाई हवी आहे ना? मग जाऊबाईच जाईल. आदल्या दिवशी दोरीवरून मी तिचा पिवळा गाऊन उतरवला. त्यावर ही एवढाली जांभळी फुलं. तो तिला गुडघ्याखाली येतो, मला पोटऱ्यांच्या वर राहिला आणि दंडात अडकला. तिच्यासारखं डोक्याला मोगऱ्याचं तेल चोपडलं. तिच्यासारखा अंबाडा घातला. आरशासमोर तिच्यासारखं बोलायची तालीम केली. आमच्या ह्यांनी कूस बदलून एक डोळा उघडला, मला पाहिलं आणि डोळा मिटून घेतला. बरीच वर्षं संसार केलेल्या माणसाला काही प्रश्न विचारावेसे वाटत नाहीत.

उजाडायला लागताच, ती यायच्या आत, मी पडद्याआड शिरले.

"ये गं बाये," मी हळूच म्हणाले. "पाय नको मारू. आमी हाय ना."

गाईनं कान उभे केले. मी जवळ गेले. तिनं माझा वास घेतला, बराच वेळ, पिवळ्या गाऊनवरून जांभळ्या फुलांपर्यंत. आणि मग फुस्स करून अशी लाथ झाडली की मी वैरणीत जाऊन बसले.

तेवढ्यात पडदा हलला. अंगावरची चादर काढत एक बाई आत आली. अंगात तपकिरी गाऊन, खिसा फाटलेला, कोपरावर माझ्या हातचं ठिगळ. डोक्याला माझ्यासारखा गच्च बांधलेला पंचा. चाल माझी, थोडी उजवीकडे झुकलेली. तोंडानं म्हणत होती, "सोड की गं लेकी..."

तिनं मला पाहिलं. मी तिला पाहिलं. ती मी होती आणि मी ती. गाय दोघींकडे आळीपाळीनं बघत रवंथ करत होती.

"उंदरांनी खाल्ला ना?" मी वैरणीतूनच विचारलं.

"आनि माझा पिवला गाऊन वाऱ्यानं नेला का, वैनी?"

"चोर!"

"तुमी कोन मग?"

मग तिचा चेहरा एकदम पडला, आणि तिनं सगळं सांगून टाकलं. मी गेल्यावर गाय व्याली आणि तिला जवळ येऊ देईना. सड दगडासारखे टणक, गाय तळमळतेय, वासरू एकटं किती पिणार? खुंटीवर माझा गाऊन होता. तो घातला तर जरा शांत झाली. तरी पान्हा सोडेना. मग पंचा बांधला. मग माझ्यासारखी बोलली. तेव्हा धार आली. तीच धार, तोच खरवस.

"रोज तुमी होऊन यायचं," ती म्हणाली. "रोज! तुमी हितं नाय तरी गाय तुमचीच. एक दिस माझा गाऊन घालून आली तर मला पन लाथ. माझ्या कोंबड्या मला ओलखतात, पन कोंबडीला काय, दाना टाकेल त्याला ओलखते. हिच्या डोल्यांत बघा की. किती जल्ले मी, वैनी!"

हे ऐकून मला जो आनंद झाला, तो नातू झाला तेव्हाही झाला होता, पण त्यात एवढा गूळ नव्हता. मी वैरण झटकत उभी राहिले. "म्हणजे गाय माझीच!"

"तुमची कशी?" तिनं लगेच नाक पुसलं. "गाऊन तुमचा. पन दोन म्हैने अंगात कोनाच्या हाय? घाम कोनाचा लागलाय त्याला? वास घ्या!"

मी घेतला. खरं सांगायचं तर मला गूळ, शेण आणि मोगऱ्याचं तेल, एवढंच कळलं. त्यात मी किती आणि ती किती, हे गाईलाच माहीत.

पैज बाकी होती. मी तिच्याकडून गाऊन उतरवून घेतला, पिवळा तिला दिला, तपकिरी अंगात घातला आणि बसले. त्या दिवशी आम्ही दूध घेत नाही, ते सगळं वासराचं. पण पान्हा सुटला की नाही ते एका धारेत समजतं. मी म्हटलं, "सोड की गं लेकी." गाईनं मागे मान वळवली, फाटका खिसा चाटला, आणि धार सुटली. मी रडले. जाऊबाईनं माझ्या पिवळ्या, म्हणजे तिच्या पिवळ्या गाऊनला डोळे पुसले. ठरलं. दावं माझं.

संध्याकाळी विहिरीजवळ रांगोळी, गाईच्या गळ्यात झेंडूचा हार, गवारीची भाजी आणि बाजरीची भाकरी तयार. मी मोरपंखी साडी नेसून, नथ घालून, एखाद्या राणीसारखी गोठ्यात गेले आणि दाव्याला हात घातला. गाईनं सिल्कचा वास घेतला, डोळे पांढरे केले आणि दोन पावलं मागे सरून शिंग खाली घातलं.

फाटकाशी बायकांच्या बांगड्या वाजू लागल्या होत्या.

जाऊबाई दारात उभी होती. तिच्या अंगावर लग्नातली लाल साडी.  तिनं तपकिरी गाऊन खुंटीवरून काढून माझ्यासमोर धरला, दोन्ही हातांनी, मानाचा शेला द्यावा तसा.

"नाय तर मी घालते," ती गोड आवाजात म्हणाली. "तुमी साडीत छान दिसता."

मी तिच्याकडे पाहिलं. मग साडीकडे. मग गाईकडे. आणि साडीवरूनच गाऊन चढवला, पंचा बांधला. नथ काढली नाही.

तर अशी मी उभी राहिले: खाली मोरपंखी काठ, वर फाटका खिसा, डोक्याला पंचा, नाकात नथ, हातात दावं. गाय माझ्या खांद्यावर मान टाकून, लोण्यासारखी. बायका एकेक करून आल्या, गाईच्या पायावर पाणी घातलं, कुंकू लावलं, भाकरी भरवली. ज्या जुन्या होत्या त्यांनी मला कुंकू लावलं आणि तोंडाला पदर लावून हसल्या. मग खोल्यांत नव्यानं राहायला आलेली लातूरची एक मुलगी आली. तिनं गाईला ओवाळलं, वासराला ओवाळलं, इकडेतिकडे पाहिलं, आणि सरळ लाल साडीतल्या जाऊबाईकडे जाऊन तिच्या कपाळाला हळदकुंकू टेकवलं.

"मालकीणबाई, फार गुणी गाय आहे हो तुमची," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "मावशी, जरा गाईला इकडं वळवा की, मोबाईलवर फोटो काढते."

जाऊबाईनं माझ्याकडे पाहिलं. ते बारीक हसू. पण तिनं मुलीला खरं सांगितलं नाही, हे मी तुम्हाला सांगून ठेवते.

मी गाईला वळवलं. फोटोत जाऊबाई मधोमध आहे, लाल, झगझगीत. मी कडेला अर्धी कापली गेलेय. पण गाईची जीभ माझ्या खिशात आहे, अगदी मुळापर्यंत, आणि तो गूळ मी संध्याकाळी ठेवलेला होता. जाऊबाई म्हणते तिनं ठेवला होता. गाऊन आता रोज खुंटीवर असतो, सकाळी ती घालते, संध्याकाळी मी. धुवायचा मात्र कुणी नाही, यावर आमचं दोघींचं पहिल्यांदाच एकमत झालं आहे.